पहिल्या अळीची चव

मक्याची घट्ट उकड ताटात पडली आणि चिलेशे रिकाम्या वाडग्याकडे बघत राहिली. "तोंडी लावायला काय देऊ? मीठ?" तिनं नवऱ्याला विचारलं.

मंडळी, ही अडचण कुठल्या घराला नवी आहे? पण झाडांना खायच्या अळ्या लागायच्या दिवसांत रिकामा वाडगा? आमच्या गावात असं कधी घडलं नव्हतं!

"आज आई रान उघडेल," कापासा पुटपुटला. त्यानं मान वर केली नाही.

रान साऱ्या गावाचं, आणि ते उघडायचा मान त्याच्या आईचा, मुसोंदाचा. ती पहिली अळी भाजून चाखायची, पुरती वाढलेली असली तर "भरली!" म्हणायची, की बायका टोपल्या घेऊन निघायच्या. डोळे गेले तरी मान तिचाच होता.

आदल्या वर्षी कापासाला धीर निघाला नाही. उंच फांद्यांवर चढत कोण बसणार? त्यानं बुंध्यालाच कुऱ्हाड घातली. घटकाभरात टोपली भरली! ते बघून आम्हीही आपापल्या कुऱ्हाडी काढल्या. आडवी झाडं कोळसेवाल्यांनी उचलून नेली. म्हातारीला कुणी काही सांगितलं नाही.

आता तो तिला हाताला धरून रानात घेऊन आला. मागे टोपल्या घेतलेल्या बायका चालल्या होत्या.

"ऊन का लागतंय रे? वाट चुकलास काय?"

"नाही आई."

"मग सावली कुठं गेली?"

तिचा हात तोडलेल्या खोडावर पडला. तिनं ते चाचपलं, घावाच्या तिरक्या खाचेवरून बोटं फिरवली. पुढं दुसरं, मग तिसरं.

"कुणी तोडलं?"

"कोळसेवाल्यांनी."

"पहिला घाव डावखुऱ्याचा आहे," ती हळूच म्हणाली. "डावखुरा माझ्याच पोटी जन्मला."

कापासा तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला. "चुकलो आई! मार मला!"

"मारून अळ्या येतात का, गाढवा? तुझा बाप गेला तेव्हा घरात मूठभर मका नव्हता. तुला कशावर वाढवलं? आधी अळ्या, मग अळंबी, मग मध. छपराचं गवत इथलं, तुझ्या तापाला साल इथली. मध काढणाऱ्या लेंगवेची पोळी इथं, बायकांच्या टोपल्यांचा वेत इथं. एक झाड पाडलंस आणि किती चुली विझवल्यास!"

ती रडत होती. आम्ही सगळेच रडत होतो. मग ती बायकांकडे वळली. "यंदा रान बंद. खोडांना धुमारे फुटलेत, त्यांना शेळ्यांपासून आणि वणव्यापासून जपा."

थंडीच्या दिवसांत मुसोंदा गेली. शेवटपर्यंत विचारत होती, "धुमारे केवढे झाले रे?"

कापासानं कुऱ्हाड पुरून टाकली आणि रोज रानाची राखण केली. सात वर्षांनी झाडांना अळ्या लागल्या. सासूचा मान आता चिलेशेकडे आला होता; तिनं पहिली अळी भाजली आणि चाखली. भरली की नाही, ते तिला कळेना. ती चव फक्त म्हातारीला ठाऊक होती, आणि सुनेला ती शिकवायच्या वर्षी आम्ही म्हातारीला शिकवायला एक अळीही ठेवली नव्हती!

कापासानं ती अळी आईच्या थडग्यावर ठेवली आणि लेकरासारखा हुंदके देऊन रडला. अळी कच्ची असली तर भरावी, म्हणून रान आणखी आठ दिवस बंदच ठेवलं.

बंधूंनो, भगिनींनो, गावाच्या रानात साऱ्या गावाचं पोट असतं. झाडं पुन्हा फुटतील हो, पण त्यांची वेळ ओळखणारी माणसं परत येत नाहीत. कुऱ्हाड उचलण्याआधी त्यांना विचारा.