अकराव्या भागातलं हेल्मेट

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, चाळीस वर्षं एका मालिकेचं नाव घरात काढू देत नव्हते. मालिका म्हणजे ‘सूर्यापलीकडची चौकी’. आमच्या पिढीत तिच्यासाठी वेडं न झालेलं पोर शोधून सापडायचं नाही. अवकाशातल्या एका एकाकी चौकीवर सहा माणसं राहतात आणि दर आठवड्याला काहीतरी भलतंच त्यांच्या दारात येऊन उभं राहतं, अशी ती गोष्ट. त्या चौकीच्या भिंती, दारं, यंत्रं, यान, हेल्मेटं, सगळं बाबांनी केलेलं. ते सुतार, स्टुडिओत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. पण अकराव्या भागानंतर त्यांचं ते काम सुटलं आणि पुढे जन्मभर त्यांनी कपाटं आणि खुर्च्या केल्या. का सुटलं, हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मी दातांची डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा धंदा, पण बाबांपुढे माझीही मात्रा चालली नव्हती.

यंदा मालिकेला चाळीस वर्षं झाली म्हणून एका कंपनीने सव्वीसच्या सव्वीस भागांचा डिस्कचा संच काढायचं ठरवलं. जुन्या फिती साफ करून चित्र नव्यासारखं करणाऱ्या मुलीचा आमच्याकडे फोन आला. चित्र आता इतकं लख्ख झालंय, की दिसू नये ते दिसायला लागलंय, तेव्हा ज्यांनी केलं त्यांनी एकदा येऊन बघावं, असं तिचं म्हणणं. बाबा नाही म्हणाले. दुसऱ्या फोनलाही नाही. तिसऱ्या फोनला ती म्हणाली, यान टांगलेली तार दिसतेय, पुसून टाकू का? त्यावर बाबा बूट घालून दारात उभे राहिले.

मुलीची खोली लहान होती, पडदा मात्र भिंतभर. तिने पहिला भाग लावला आणि बाबा खुर्चीत आक्रसून गेले. चौकीच्या मुख्य यंत्रावरची बटणं म्हणजे बाटल्यांची बुचं, हे आता आंधळ्यालाही कळलं असतं. इंधनाच्या टाकीला साबणाच्या डब्यांची झाकणं होती. दुर्बिणीच्या तोंडावर पिठाची चाळणी. आणि यानाच्या डोक्यावर ती तार, दोरीएवढी जाड.

“सगळं पुसा,” बाबा म्हणाले. “लोक हसतील.”

मुलीने एक दार पडद्यावर थांबवलं. ती म्हणाली, या दाराची बिजागरी लाकडाची आहे आणि लोखंडी वाटावी म्हणून तुम्ही ती पेन्सिलीच्या शिशाने घासलीत, हे मला परवा कळलं; तेव्हापासून एकही गोष्ट पुसायला माझा हात धजत नाही.

बाबा उठून पडद्याजवळ गेले. बराच वेळ त्या बिजागरीकडे बघत राहिले. मग घासाघीस केल्यासारखं म्हणाले, “तार पुसा. ती चूकच होती, जाड आणली होती मी. बाकीचं असू द्या.”

एवढ्यावर आम्ही घरी आलो असतो. पण त्याच दिवशी भागांवर बोलायला मालिकेतल्या कॅप्टनबाई येणार होत्या. चित्र चालू असताना जुन्या माणसांनी आठवणी सांगायच्या आणि त्या डिस्कवर ऐकू याव्यात, अशी योजना होती. बाई काठी टेकत आल्या आणि बाबांना बघून दारातच थबकल्या. बाबा माझ्या मागे सरकले. सहा फुटी माणूस, माझ्या मागे काय लपणार! बाईंनी मुलीला सांगितलं, आज अकरावा भाग लावा आणि मिस्त्रींनाही माइक द्या.

मी रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेबाहेर मुलीच्या शेजारी बसले. अकराव्या भागात कॅप्टन हवा संपत आलेल्या बोगद्यात अडकते आणि रडत रडत घरच्यांचा निरोप घेते. त्या प्रसंगासाठी बाईंना मोठा पुरस्कार मिळाला होता. तो प्रसंग सुरू झाला, तशा बाईंनी माइक जवळ ओढला. मग म्हणाल्या, “हा अभिनय नाही. माझ्या हेल्मेटचा खटका अडकला होता. मला वाटलं, मी आता मरते. कॅमेरा चालूच राहिला. पडद्यावर दिसत नाही, पण हा माणूस माझ्या मानेमागे पालथा पडून कानशीने तो खटका कापत होता. चाळीस मिनिटं. आणि हवेच्या नळीतून माझ्याशी बोलत होता.”

मुलीने माइकवरून विचारलं, काय बोलत होते?

“लाकडाबद्दल. ओलं लाकूड कसं फसवतं, कुठल्या फळीला खिळा सोसत नाही. मी ते ऐकत राहिले म्हणून वाचले.”

पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. बाहेर आल्या आल्या भीतीचा सगळा राग त्यांनी निर्मात्यावर काढला होता: एक तर हा सुतार राहील, नाहीतर मी. दोन दिवसांनी डोकं शांत झाल्यावर माफी मागायला गेल्या, तर मिस्त्रींची हत्यारंसुद्धा तिथून गेली होती. पुरस्कार घेताना त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, यांचे सोडून.

बाबा म्हणाले, “बाई, खटका मीच उलटा बसवला होता. तुमचं काही चुकलं नाही.”

“मिस्त्री, तुम्ही माझीच बाजू घ्याल याचीच मला भीती होती.”

बाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. काचा तशा स्वच्छच होत्या. मुलीने रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

नंतर यंत्रातला पाणचट चहा पिताना बाईंना कळलं, की पुढचे पंधरा भाग बाबांनी आजवर पाहिलेलेच नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं: दर मंगळवारी यायचं आणि माझ्या शेजारी बसून बघायचं. तेव्हापासून मंगळवारी माझा दवाखाना अर्धा दिवस बंद. माझे पेशंट कुरकुरले, पण दुखऱ्या दाढेपेक्षा हे महत्त्वाचं होतं.

तिसऱ्या मंगळवारी चौदावा भाग होता. चौकीवरचा म्हातारा शास्त्रज्ञ मरतो आणि सगळे त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन निघतात. संगीत गंभीर, चेहरे पडलेले. ती पेटी बाबांच्या जागी आलेल्या सुताराने केली होती. बाबा पुढे वाकले. “अहो, ही उलटी धरलीय,” ते म्हणाले. “झाकण खाली आहे. कडी सुटली तर म्हातारा सरळ जमिनीवर!”

बाईंनी नीट पाहिलं, आणि हसायला लागल्या. चाळीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्या स्वतः पेटीचा एक कोपरा धरून होत्या तरी! मग बाबाही हसले. एवढं गडगडून हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पडद्यावर कॅप्टन डोळे पुसत होती आणि माइकपुढे तीच कॅप्टन हसून हसून डोळे पुसत होती.

कंपनीचं म्हणणं पडलं, की शोकाच्या प्रसंगावर असं खिदळणं बरं दिसत नाही, पुन्हा रेकॉर्ड करा. मुलगी हटून बसली आणि हसू जसंच्या तसं राहिलं. संच बाजारात आला, तेव्हा सगळ्यात जास्त पत्रं त्याच भागाबद्दल आली. एकाने रागाने विचारलं होतं, हे दोन म्हातारे कोण? बाबांनी त्याला स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं: एक कॅप्टन, दुसरा मिस्त्री, आणि पेटी आमच्यापैकी कुणीही केलेली नाही.