मलमावर लिंबाचा रस

बतूलआजीच्या हाताला खाज सुटली ती नेमकी नातीच्या लग्नाच्या तोंडावर. एरवी सुटली असती तर कोण विचारतंय! पण बतूलआजी म्हणजे मोरोक्कोतल्या सले गावची मेंदीवाली. जुन्या कोटाच्या आतल्या निम्म्या बायकांच्या लग्नातली मेंदी तिच्या हातची, आणि उरलेल्या निम्म्या अजून हळहळतात. शामा तिची एकुलती एक नात, आईविना आजीनंच वाढवलेली. तिच्या हातावर दुसऱ्या कुणी मेंदी काढायची, हे आजीला सोसणारच नव्हतं.

दोष सगळा जावेलचा, त्या फरशा घासायच्या ब्लीचचा. लग्नघर म्हणून आजीनं जिना, अंगण, न्हाणीघर, सगळं त्या जळजळीत जावेलच्या पाण्यानं घासून काढलं, आणि तेही उघड्या हातांनी. शामा रबरी मोजे घेऊन मागे मागे फिरली तर म्हणाली, "मोजे घालून घासणाऱ्या बायका फरशीला गुदगुल्या करतात." झालं! उजव्या मनगटापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत लालभडक चट्टे उठले.

त्यात होणारी विहीण, खनाता, लग्नाचं ठरवायला आली आणि तिची नजर नको तिथं गेली. चहाचा पेला खाली ठेवत ती गोड आवाजात, मानाचं 'लल्ला' लावून म्हणाली, "लल्ला बतूल, वाईट वाटून घेऊ नका हं. पण असला हात नवरीच्या हाताला लागलेला आमच्याकडे नाही चालायचा. मेंदीच्या दिवसापर्यंत बरा झाला तर ठीक, नाहीतर मी रबातहून मेंदीवाली आणते."

रबातहून! नदीपलीकडून! सल्याच्या बाईला याहून मोठी शिवी नाही. आजीनं दात-ओठ आवळून तिच्या पेल्यात आणखी चहा ओतला, आणि विहीण उंबऱ्याबाहेर पडताच पायघोळ जिलाबा अंगावर चढवून तडक औषधाचं दुकान गाठलं.

दुकान इहसानचं. आजी मेंदी भरायच्या सुया-पिचकाऱ्या तिच्याकडूनच घ्यायची, आणि इहसानच्या लग्नाची मेंदीही आजीचीच. तिनं हात उजेडात धरून उलटसुलट पाहिला. कातडी फुटलेली नव्हती, पाणी की पू काही नव्हतं. मग तिनं एक छोटी नळी काढली.

"खाला, हे सौम्य स्टेरॉइडचं मलम आहे. चट्ट्यांवर सकाळ-संध्याकाळ लावायचं, पण अगदी पातळ. बोटाच्या शेवटच्या पेरावर एवढीशी रेघ घेतलीत तर दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आठवड्याच्या वर लावायचं नाही, तोंडाला लावायचं नाही, आणि वर काही बांधायचं नाही. जावेलला तर हात लावू नका."

"पातळ म्हणजे किती पातळ?"

"लावलंय की नाही असं वाटलं पाहिजे."

"मग लावायचंच कशाला!" आजी म्हणाली. "पोरी, लेपातलं मला नको शिकवूस. जन्म गेला माझा त्यात."

तिचंही बरोबरच होतं म्हणा. मेंदीचं शास्त्र काय सांगतं? जाड काढा, वर लिंबू-साखरेचं पाणी शिंपडा, कापूस लावून गुंडाळा आणि रात्रभर हलू नका. जितकं जाड, जितका वेळ, तितका रंग. जी बाई कंजुषी करते तिची मेंदी नारिंगी उमटते आणि सासरचे नाक मुरडतात. त्या दिवशी आजीला वाटलं, या शिकलेल्या पोरींना एक नळी वर्षभर पुरवायची असते, दुसरं काय!

घरी येऊन तिनं मलम लोण्यासारखं थापलं. थापून झाल्यावर हात आपोआप वाटीकडे गेला. वाटीत लिंबू-साखरेचं पाणी होतं, कालच कुणाच्या तरी मेंदीसाठी केलेलं. तिनं कापसाचा बोळा बुडवून मलमावर हळूच टेकवला, वर प्लास्टिकची पिशवी चढवली, पिशवीवर जुना मोजा.

पहिल्यांदा काही झालं नाही. मग लिंबानं मलमाखालची वाट शोधली.

"या लतीफ! या लतीफ!" देवाचा धावा करत आजी अंगणभर नाचली. शामा धावत आली, तर आजी अंगणातल्या कारंज्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली आणि तोंडानं सगळ्या औषधवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. मोजा पाण्यावर तरंगत होता.

"आजी, तू मलमाला लिंबू लावलंस?"

"कोण म्हणतं?"

"वास येतोय ना!"

"घरात वास लिंबाचाच येणार. लग्नघर आहे."

दुसऱ्या दिवशी आजी दुकानात आली ती भांडायच्या तयारीनंच. "खोटं औषध देतेस? हात जाळलास माझा!"

इहसाननं हात पाहिला. पिशवीचा काठ मनगटावर उमटला होता, आणि चट्ट्यांची लाली दुप्पट झाली होती. तिनं नाक जवळ नेऊन हुंगलं आणि काउंटरच्या कडेला धरून हसत सुटली.

"खाला! रंग चढला का?"

आजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मग डोळे भरून आले. "हस तू. तिकडे रबातची बाई माझ्या शामाचा हात धरणार आहे."

इहसानचं हसू तिथंच थांबलं. तिनं स्टूल पुढे ओढलं आणि आजीला बसवलं. "अजून वेळ आहे. पण आता मी सांगते तसंच करायचं. आज-उद्या मलम नको, साधी व्हॅसलीन फक्त. जळजळ शमली की मलम सुरू. पाणी सुटलं, चिघळलं, तर थेट डॉक्टरकडे." तिनं काउंटरवरची एक पिचकारी उचलून आजीपुढे धरली. "यातून केसाएवढी रेघ काढता ना तुम्ही? मग एवढंसं मलम पातळ नाही लावता येत? हे मेंदीसारखं नाही. जाड लावून बांधलंत की ते जास्त आत शिरतं, कातडी झिजते. अति तिथं माती."

या वेळी आजीनं ऐकलं. शामानं मोजे घालून घर घासलं आणि आजीनं पायरीवर बसून चुका काढल्या. सकाळी एक रेघ, संध्याकाळी एक रेघ, हळूच पसरायचं आणि उघडं ठेवायचं. तिचा जीव तुटायचा, हात सारखा लिंबाच्या वाटीकडे जायचा, पण शामानं वाटीच लपवून ठेवली होती. खाज थांबली, लाली उतरली, आणि आठवडा भरायच्या आधीच आजीनं मलम बंदही केलं.

मेंदीच्या दिवशी अंगण बायकांनी फुललं. शामा उशीवर तळवे उघडे टाकून बसली. खनाता आली आणि आल्या आल्या तिनं आजीचा हात धरून उजेडाला नेला. अंगठ्यापाशी फिकट गुलाबी खूण तेवढी होती. तिनं आजीला खांबाआड ओढलं.

"ही जादू कशाची हो? माझे गाल बघा, डागच डाग. उद्या फोटो आहेत. ती नळी द्या, रात्री तोंडाला थापते. मग काढा तुमची मेंदी, मी कशाला आड येऊ?"

नळी आजीच्या खिशातच होती. द्यायची आणि मोकळं व्हायचं! गाल खनाताचे, झिजले तर झिजोत. आजीचा हात खिशात गेलाही. पण ते लिंबू आठवलं, आणि हात तसाच बाहेर आला.

"नाही देत. ते तोंडाला लावायचं नसतं, विहीणबाई."

"देत नाही म्हणजे?" खनाताचा आवाज चढला, बायका वळून पाहायला लागल्या. तिनं पिशवीतून फोन काढला. "ठीक आहे. रबातची मेंदीवाली नाक्यावरच थांबलीये."

आजीच्या तोंडचं पाणी पळालं. समोर शामाचे कोरे तळवे. आता अब्रू सांभाळून चालणार नव्हतं; नळी का देत नाही ते सांगायलाच हवं होतं. आजी अंगणाच्या मधोमध गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "ऐका ग सगळ्याजणी! मी, बतूल, जिनं तुमच्या सगळ्यांना लेप कसा लावायचा ते शिकवलं, त्या मी मलमावर लिंबू पिळलं! वर पिशवी बांधली, पिशवीवर मोजा! आणि या इथं," तिनं कारंज्याकडे बोट केलं, "इथं नाचले!"

क्षणभर कुणाला उमजेना. मग शामानंच कारंज्यात हात घालून बसलेल्या आजीची नक्कल करून दाखवली, आणि अंगण हशानं फुटलं. कुणी ठसकलं, कुणी भिंतीला टेकलं. खनातानं ओठ घट्ट मिटून धरले होते, पण काजळ पाझरायला लागलं आणि तीही "या लतीफ" म्हणत मटकन खाली बसली.

"हात होता म्हणून निभावलं," आजी तिच्याजवळ वाकून हळूच म्हणाली. "तोंड असतं तर उद्या फोटोत तुम्ही कुठं दिसला असतात? उद्या गालांवर नुसती गुलाबपाण्याची घडी ठेवा. लग्न झालं की आपण दोघी इहसानकडे जाऊ, ती सांगेल तिथं जाऊन दाखवू."

खनातानं डोळे पुसले. फोन पिशवीत टाकला. मग एकेक करून हातातल्या बांगड्या काढल्या, बाही वर सारली आणि शामाच्या उशीशेजारी आपलाही तळवा उघडा ठेवला.

"आधी सुनेचे काढा, मग माझा," ती म्हणाली. "आणि जाड काढा हो. लिंबाचं पाणी मी धरते."