घड्याळवालीचं गाणं

माझ्या वयाची मानववंशशास्त्रज्ञ मंडळी जंगलात गेली, बेटांवर गेली, तंबूत राहून ताप अंगावर घेऊन परत आली. मी लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे मूल होण्यासाठी उपचार करणारं एक क्लिनिक होतं, निळ्या खुर्च्यांची एक ओळ होती आणि त्या खुर्च्यांवर वाट पाहत बसलेल्या बायका होत्या. तिथेच माझी एकतीस वर्षं गेली. आधी काचेच्या बशीत गर्भ रुजवायचं तंत्र आलं, मग दुसरीचं बीज घेऊन आई व्हायचं, मग गर्भाची जनुकं तपासायचं. खुर्च्यांचा रंगही दोनदा बदलला. वाट पाहणं मात्र तसंच राहिलं, आणि मी ते वहीत उतरवत राहिले. नर्सेस मला वहीबाई म्हणायच्या.

"दुसऱ्यांच्या घरी पाळणा हलतो का ते बघायचा पगार मिळतो हिला," असं माझी ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ताई शाळेत भूमिती शिकवायची. आता आम्ही दोघी एकत्र राहतो, आणि माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी असण्याचा एकही दिवस ती वाया घालवत नाही.

निवृत्तीला दोन आठवडे उरले होते. पुढच्या पुस्तकासाठी अशा उपचारांतून जन्मलेल्या, आता मोठ्या झालेल्या मुलांना भेटायचं होतं, तसं आवाहनही क्लिनिकच्या फलकावर लावलं होतं. विद्यापीठातल्या खोलीत मी वह्या खोक्यांत भरत होते, तेवढ्यात मेल आली. तीनच ओळींची.

'तुमच्या पुस्तकातली घड्याळवाली माझी आई असावी. मी बुधवारी अकराला येते. खरं काय ते सांगा.'

मी खोक्यावरच बसले.

पुस्तकात माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून आम्ही त्यांची नावं बदलतो, गाव बदलतो, धंदा बदलतो. नावांची खरी यादी वेगळ्या कुलपात असते आणि काम संपलं की फाडून टाकायची असते. तशी मी ती केव्हाच फाडली होती. पण चेहरा काही फाडता येत नाही. घड्याळवाली म्हटल्याबरोबर ती डोळ्यांसमोर उभी राहिली. पुस्तकात ती घड्याळं दुरुस्त करते, खरं तर ती शिवणकाम करायची. दर वेळी त्याच खुर्चीत बसायची, डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ, आणि तिला लपवायला मला तेच हाताशी सापडलं.

तीन वेळा तिचा गर्भ टिकला नव्हता. चौथ्या वेळी दुसऱ्या बाईचं बीज घेतलं. तयार झालेला गर्भ तिच्या पोटात ठेवायच्या दिवशी तिच्या परवानगीनं मी तोंडाला मास्क लावून कोपऱ्यात उभी होते. प्रयोगशाळेच्या भिंतीत एक छोटी सरकती खिडकी होती. त्या खिडकीतून प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. बाईंच्या हातात बारीक नळी होती आणि नळीत तो गर्भाचा कण. ती नळी खिडकीतून अलीकडे येणार, तेवढ्यात पडल्या पडल्या ही गुणगुणायला लागली:

इवल्याशा कणा,
वाट तुझी पाही
ओवलेली सुई
थांबलेली.

प्रयोगशाळेतल्या बाई नळी धरून तशाच उभ्या राहिल्या. डॉक्टरही थांबले. गाणं संपेपर्यंत त्या खोलीत कुणी हललं नाही.

जाताना तिनं माझं मनगट धरलं होतं. "वहीबाई, मूल झालं, तर त्याला हे माझ्या तोंडून कळलं पाहिजे. कागदातून नाही."

मी शब्द दिला. आणि पुस्तक लिहिताना सगळं बदललं, तेवढं गाणं सोडून. त्याला हात लावायचा जीवच झाला नाही.

"गाणं तसंच ठेवलंस?" मेल वाचून ताई म्हणाली. "अगं, माणसाला बुरखा घातलास आणि तोंड उघडं ठेवलंस!"

"कळतंय मला."

"आता काय सांगणार त्या पोरीला?"

"काही नाही सांगणार."

"आणि तिला आधीच कळलं असेल तर? तुझ्या कागदातून?"

मी पुस्तक काढून ते पान उघडलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःहून माझ्यासाठी चहा टाकायला उठली. तिच्या बाबतीत ही फारच काळजीची गोष्ट.

बुधवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. एकतीस वर्षांत पुरस्कार मिळाले, टीकाही भरपूर झाली. दोन्ही एका पारड्यात घातलं तरी त्या मनगटावरच्या पकडीपेक्षा हलकंच. ज्या बाईनं विश्वास टाकला तिच्याच घरात मी सुरुंग लावला असेल, तर त्या सगळ्या वह्यांचं करायचं काय?

अकराला दारावर टकटक झाली. दारात उंचशी मुलगी, हातात हेल्मेट, नखांत काळं ग्रीस.

"तुमची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर गचका खाते," ती म्हणाली. "सेन्सर बघायला सांगा. मी लिफ्टच दुरुस्त करते." मग खुर्चीत बसली आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. पानात खूण होती. "घड्याळवाली माझी आई आहे ना?"

"पुस्तकातल्या कुणाबद्दलही मी बोलत नाही."

"आई घड्याळं दुरुस्त करत नाही. शिवते. पण घड्याळाला काटे असतात, मॅडम. घड्याळवालीच्या गाण्यात ओवलेली सुई कुठून आली?"

मी पानाकडे पाहिलं. सहा वर्षं ते पान छापलेलं होतं. शेकडो विद्यार्थ्यांना मी ते शिकवलं. ती सुई मला एकदाही टोचली नव्हती.

"हे गाणं मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. बाहेर कुणाला माहीत नाही. आता सांगा, माझी जन्मकथा काय?"

"मी नाही सांगू शकत."

"हो की नाही, एवढंच. नुसती मान हलवा."

"मान हलवणं म्हणजे सांगणंच झालं."

"माझं आयुष्य आहे हे!" तिनं टेबलावर हात आपटला.

"आहे ना. म्हणून तर आईला विचार. मला नको."

"म्हणजे विचारण्यासारखं काहीतरी आहे!"

"ते प्रत्येक लेकीकडे असतं, बाळ," मी म्हटलं. "माझं माझ्या आईला विचारायचं राहून गेलं. तू राहू देऊ नकोस. माझ्यावर रागव, तक्रार कर, या पानाबद्दल कर, ती रास्तच आहे. पण माझ्याकडून तुला एक शब्द मिळणार नाही."

तिनं पुस्तक मिटलं. मग उठली, दार उघडलं आणि जिन्याच्या दिशेनं ओरडली, "आई, ये गं वर! तीनदा ओढून बघितलं. टाका नाही उसवला!"

जिन्यावरून धापा टाकत जी बाई वर आली, तिचे केस पांढरे झाले होते, पण मला यादीची गरज पडली नाही.

"लिफ्टनं यायचं ना," मुलगी म्हणाली.

"तू दुरुस्त केलीस की येईन." ती खुर्चीत टेकली आणि माझ्याकडे वळली. "घाबरलात ना, वहीबाई? आठ वर्षांची होती तेव्हाच सांगितलंय हिला. बटणं निवडायला बसवली होती. सगळं ऐकलं आणि म्हणते कशी, 'म्हणजे कापड दुसरीकडचं, शिवलंस तू?' म्हटलं हो. तर म्हणे, 'आता खेळायला जाऊ?'"

मी हसायला लागले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसावा लागला. तीन दिवस छातीवर बसलेला दगड कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला होता.

"मग हे सगळं कशासाठी?" मी विचारलं.

"अशी जन्मलेली, आता मोठी झालेली मुलं हवी आहेत ना तुमच्या नव्या कामाला? हिला बोलायचंय. मी म्हटलं, थांब. यांनी माझं गाणं छापलं, उद्या नावही छापतील. शिवण ओढून बघितल्याशिवाय मी कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. तुमच्या हातात तर लेक द्यायची होती."

"गाण्याची चूक झाली माझी."

"झालीच." तिनं पुस्तक जवळ ओढून खुणेचं पान उघडलं. "पण ओळखलं कुणी? हिनंच. हिच्यासाठीच तर होतं ते. बाकी काय हो, घड्याळवाली! माझ्या घरातलं घड्याळ बंद पडलं की मी शेजारणीला वेळ विचारते."

"दोन वर्षं बंद आहे," लेक म्हणाली.

"तुझ्या लिफ्टचं बघ तू."

मी वही उघडली, पेन घेतलं. पण तिची नजर माझ्या कोटाच्या उजव्या बाहीवर गेली. खोकी उचलताना तिथली शिवण सुटली होती.

"हे काय? आणा इकडे."

"राहू द्या, नंतर..."

तिनं हात ओढून घेतलाच. पर्समधून डबी काढली, डबीतून सुई. सुईत दोरा आधीच होता. मी उजव्या हातानं लिहिते. तो हात आता तिच्या मांडीवर होता. वही टेबलावर उघडीच राहिली.

"बोल गं तू," ती लेकीला म्हणाली. "नाही तरी यांना आता ऐकण्यावाचून गत्यंतर नाही."

लेक बोलायला लागली. ज्या बाईनं बीज दिलं तिच्याबद्दल कधीमधी विचार करते म्हणाली. तिलाही उंचीमुळे दाराची चौकट लागत असेल का, असा. आई टाके घालत होती आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणत होती. मी न ऐकलेलं, जन्मानंतर रचलेलं पुढचं कडवं:

टाका पडे टाका,
उलगडे घडी,
अंगणात उडी
मार आता.

मग दातानं दोरा तोडला, बाही दोन्ही हातांनी धरून एकदा जोरात ओढली, आणि माझा हात मला परत दिला.