दाराआडचा कोई

या, असे पुढे सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज पुराणातली नव्हे, बंगालातल्या कृष्णनगरातली एक गोष्ट सांगतो. माउली तीतही आहे.

"टुनू, हे खाली उतरव. मा यायच्या आत!"

निर्मलेंदु कात्री घेऊन धाकट्या बहिणीसमोर उभा होता. टुनू भिंतीवरच्या कापडाला पाठ लावून होती.

लोक रोजनिशी लिहितात, तशी टुनू रोज एक कापड करायची. आईच्या जुन्या साड्यांचे थर शिवायचे, काठातलाच दोरा उपसून टाके घालायचे. वर फोटोचे तुकडे, बसची तिकिटे, औषधाची वेष्टने डकवायची. मधे दोन ओळी खरडायच्या. आपण कोण, कोणाच्या, हे ती असे चाचपत होती. नदीकाठच्या सभागृहात आज तिचे पहिले प्रदर्शन होते.

भांडण एकाच कापडावरून पेटले होते. बंद स्वयंपाकघर, पांढऱ्या साडीतली बाई, तोंडाशी गेलेला हात. ताटात धुऊन वाळवलेले माशाचे खरे काटे टाचलेले. खाली लिहिले होते : 'बाबा गेले त्या वर्षी. मी फटीतून पाहिलं.'

त्यांच्या घरात विधवेने मासा खाणे म्हणजे महापाप.

"हरिसभेत बायका माच्या पाया पडतात," निर्मलेंदु दात आवळून म्हणाला. "उद्या तोंडावर थुंकतील!"

"थुंकू देत. लहानपणापासून ते दार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, दादा."

"माला विचारलंस?"

टुनूने कापडाची कड मुठीत धरली. विचारले नव्हते. मा पाठ फिरवून गेली, तर तिला दुसरे होते कोण?

निर्मलेंदुने तिला बाजूला सारून कात्री घातली. एक टाका तुटला.

"माझी साडी कोण कापतंय रे?"

त्यांची मा, सरजूबाला, दारात उभी होती. मागे शेजारणी, नातलग. ती काठी टेकत आली, चष्मा पदराने पुसला आणि कापडापुढे थांबली. तिने काट्यांवरून बोट फिरवले.

"हे रुई माशाचे."

"हो, मा," टुनू पुटपुटली.

"चुकलीस, पोरी. कोई मासा होता तो."

मागे कोणाची तरी बांगडी वाजली.

"मा, घरी चल," निर्मलेंदु म्हणाला. "तुला काही आठवत नाही."

"न आठवायला काय झालं? तुझी पावलं वाजली, आणि मी काट्यासकट घास गिळला. कितीतरी दिवस पाणी उतरेना. सगळ्यांना सांगितलं, घसा सुजलाय."

"मी काय राक्षस होतो, मा?"

"नाही रे, बाबा. मिसरूड फुटायच्या आत घराचा कर्ता झालास. तू पाहिलं असतंस, तर कर्ता म्हणून तुला मला बोल लावावा लागला असता."

निर्मलेंदुने कात्री खाली ठेवली. शेजारणींपैकी दोघी निघून गेल्या. उरलेल्या उभ्या राहिल्या.

"सुई ओवून दे, टुनू." सरजूबालाने खुर्ची ओढली, कापड उतरवून मांडीवर घेतले आणि बंद दाराबाहेर दोन पावले शिवायला लागली. टाका सरकत होता. निर्मलेंदु हळूच गुडघ्यांवर बसला, कापडाचे टोक ताणून धरले.

"लहान काढ ना, मा," तो म्हणाला. "एवढे मोठे नव्हते माझे पाय."

मंडळी, उद्या आवडीचा घास चारचौघांत, निर्धास्त तोंडात घालाल, तेव्हा एकदा सरजूबालाची आठवण ठेवा.