बेदाणा शेडवरचा जांभूळ

मित्रांनो, मी तासगावजवळच्या एका बेदाणा शेडवरचा काळा लॅब्राडोर आहे. वय अकरा वर्षं, नाव जांभूळ. हल्ली मागचे पाय धरतात, पण मान अजून ताठ आहे. ती का, ते सांगतो.

शेड धरणेंद्र अण्णा आणि त्रिशला काकूंची. त्यांची ब्राह्मी तेव्हा आठ वर्षांची होती. पिल्लू न्यायला तिघं सांगलीला आली. एका टोपलीत मी होतो. शेजारच्या टोपलीत गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू, सोनेरी आणि गुबगुबीत. ब्राह्मीनं त्यालाच उचललं.

"ह्येच न्यायचं!"

"आवं, ह्याचे केस बघा की," काकू अण्णांना म्हणाल्या. "मोठं झालं की शेडभर लांब लांब केस. बेदाण्यात एक निघाला तर व्यापारी माल घील का?"

पिल्लं विकणारा म्हणाला, "काळ्याचेबी झडत्यात, पर आखूड. फकस्त ह्ये लय खादाड हाय. आन् बेदाणा कुत्र्याला विष असतोय, ध्यानात ठेवा."

अण्णांनी मला घेतलं. ब्राह्मी गाडीत माझ्याकडे पाठ करून बसली.

चौथ्याच दिवशी मी शेडमध्ये घुसलो आणि द्राक्षं वाळवायच्या जाळ्यांखाली सांडलेले बेदाणे खाल्ले. गोड लागले. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी तीन दिवस सलाइन लावलं. मूत्रपिंडं वाचतील की नाही, ते त्यांनाही सांगता येईना. ब्राह्मी माझ्या कानाशी वाकली. "दार मीच उघडं ठेवलं हुतं रं. तू बरा हो. मला तूच पायजेस."

मी बरा झालो आणि तिनं मला शिकवायला घेतलं. शाळेतून आली की माझ्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवायची आणि म्हणायची, "न्हाई." माझी लाळ फरशीवर टपकायची. कितीदा तरी चुकलो, पण तिनं कधी हात उगारला नाही.

तिसऱ्या हंगामात मी शेडच्या दारात बसलो होतो. बेदाणा निवडणाऱ्या हरणाबाईच्या हातून भरलेला क्रेट निसटला. बेदाणे माझ्या नाकापुढे, पंजांवर, सगळीकडे. ब्राह्मी शाळेत. "न्हाई" म्हणायला कुणीच नव्हतं.

"आवं अण्णा, पळा! कुत्रं बेदाण्यात हाय!" ती ओरडली.

मी उठलो. पंजे झटकले आणि अंगणात जाऊन बसलो. निवड करणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघत राहिल्या. अण्णा धापा टाकत आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"गड्या, ह्ये माणसालाबी जमत न्हाई," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी मान खाली घातलेली नाही.

मित्रांनो, गोल्डन आणा नाहीतर लॅब्राडोर, दोघंही जीव लावतात. फक्त आणण्याआधी एकदा गुडघ्यांवर बसा आणि आपलं घर आमच्या उंचीवरून बघा. आमच्या तोंडात काय काय जाऊ शकतं, ते तिथूनच दिसतं.