आत्याचे बेचाळीस

यंत्र नवं, संगणक नवा, वैताग मात्र रोजचा जुनाच. प्रयोगशाळेत सगळे जिला ताई म्हणत, तिच्याकडे ते तपासायचं काम होतं. तसं सोपंच. माणसाने अंगठा खाचेत ठेवायचा, रबरी टोकाचा दांडा संगणकाच्या हुकमाने हळूहळू दाबत जाणार, आणि दुखायला लागलं की दुसऱ्या हातातलं बटण दाबायचं. लगेच दांडा उचलतो, किती दाबाला दुखलं तो आकडा उमटतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी आला की आकडाही साधारण तोच यायला हवा.

येईल तर शपथ. सोमवारी तीस, मंगळवारी बावन्न. एक बहाद्दर दात आवळून बसला, यंत्र आपणहून थांबलं तरी बटण दाबेना. एका बाईंनी दांडा हलायच्या आतच दाबलं. "उद्यापर्यंत जुळणारे आकडे दाखवा, नाहीतर हे काम बंद," सरांनी बजावलं होतं. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती.

लाज राखत होती ती एकटी आत्या. माणसं कमी पडली म्हणून ताईने तिला घरून आणलं होतं. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. 'मला काही दुखत-खुपत नाही' असं लिहिलेल्या फॉर्मवर सही करून बसली आणि चौदाच्या चौदा वेळा बेचाळीस.

आज खात्रीसाठी ताईने दांड्याचा वेग निम्मा केला. वेळ दुप्पट लागायला हवा होता, आकडा तोच. आला एकवीस. ताई चरफडली. वजनं ठेवून पाहिली, यंत्र बिनचूक. पुन्हा चाचणी घेतली, पुन्हा एकवीस. तेव्हा कुठे तिची नजर आत्याच्या ओठांकडे गेली. ते हलत होते.

"आत्या, काय पुटपुटतेस?"

"मोजते. एक, दोन, तीन करत चौदा झाले की दाबते."

"अगं, पण का?"

"पहिल्याच दिवशी तू डोकं धरून बसली होतीस ना, कुणाचेच आकडे जुळत नाहीत म्हणून. म्हटलं, माझा तरी जुळू दे."

ताईला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. चौदा नोंदी रद्द. आता सरांपुढे ठेवायला काहीच उरलं नव्हतं. "मोजायचं नाही," ती तडकून म्हणाली. "दुखलं की दाबायचं, बस. तुला दुखायला लागतं तरी कधी?"

आत्या अंगठा चोळू लागली.

"दांडा टेकला की लगेच. अंगठा आधीपासूनच दुखतो गं. पाच-सहा वर्षं झाली, सुई धरवत नाही. पण तुझं काम अडलं होतं."

पडद्यावर पुढच्या चाचणीची सूचना आली. आत्याने अंगठा पुन्हा खाचेत ठेवला.

"कर सुरू. आता खरं दाबते."

ताईने तो दोन्ही हातांनी, जपून, बाहेर काढला.