मस्कतची कॅसेट

"तुंगा, ती कॅसेट दे बघू बेगबेग! चारला गाडी हाय त्यांची," रघुनाथकाका तिसऱ्यांदा म्हणाले.

आठ वर्षांची तुंगा कॅसेट पोटाशी धरून दाराआड उभी होती. बाहेरच्या खोलीत मस्कतहून सुटीवर आलेले नागोजीराव कॉफीचे घोट घेत घड्याळाकडे बघत होते. आज बेंगळूरू, उद्या विमान, परवा मस्कत.

तुंगाचे आईबाबा मस्कतला जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा तिथं ट्रक चालवायचे, आई इस्पितळात नर्स होती. पत्रं यायची, पण पत्राला आवाज कुठला? म्हणून ओळखीच्या माणसाबरोबर कॅसेट यायची आणि तिच्यावरच उत्तर भरून परत जायची. या खेपेची कॅसेट नागोजीरावांच्या ट्रंकेच्या तळाशी महिनाभर पडून होती. सुटी संपली, निघायची वेळ आली, तेव्हा त्यांना आठवली. वरातीमागून घोडं! तुंगानं ती सकाळी पूजेआधी जेमतेम दोनदा ऐकली होती. नवी आणावी, तर आज आयुधपूजा. नजरबाद मोहल्ल्यातली दुकानं पूजा आटोपून केव्हाच बंद झालेली.

कॅसेटच्या दोन्ही बाजू आईनं भरल्या होत्या. उत्तर भरायचं म्हणजे आई पुसायची. मागच्या खेपेला तुंगाला हे कळलं नव्हतं आणि तिनं हसतहसत सगळी आई पुसून टाकली होती.

आता एकच आशा होती. टेपरेकॉर्डर शिलाईच्या मशीनशेजारी पूजेला मांडला होता, वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. पूजेतल्या यंत्राला उद्यापर्यंत हात लावायचा नाही, हा काकूंचा नियम. आणि काकूंचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"काकू, आज यंत्र चालवलं तर पाप लागतं की नाही?" तुंगानं विचारलं.

कृष्णवेणीकाकूंनी टेपरेकॉर्डरपुढं हात जोडले, फूल उचललं आणि पदरानं बटणांवरचं कुंकू पुसलं.

"अय्यो, चामुंडी पण आईच की ग! लेकराचा आवाज आईकडं जातोय, ती नको म्हणंल काय?"

एरवी कधी न विरघळणाऱ्या काकू नेमक्या आजच विरघळल्या! तिला त्यांचा भयंकर राग आला.

काका तिच्याजवळ उकिडवे बसले. "हे बघ, नागोजीराव हात हलवत गेले तर तुझी आई तिथं काय ऐकंल?"

हे तुंगाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आईसुद्धा तिकडं वाट बघत असेल, आपल्यासारखीच. तिनं कॅसेट पुढं केली.

काकांनी लाल बटण दाबलं. चाकं फिरू लागली.

"आई, मी तुंगा. माझा पुढचा दात पडला. मी आता तिसरीत आहे. काकू वेणी घट्ट घालते, पण मी रडत नाही." ती थांबली. तिची नजर चाकांवरून हलत नव्हती.

"अजून बोल की! सुम्ने, उगीच का गप्प झालीस? टेप खूप शिल्लक हाय," काकू म्हणाल्या.

तुंगानं जोरात मान हलवली आणि तोंड यंत्राच्या अगदी जवळ नेलं.

"आई, मी आता बंद करते. इथून पुढं तू बोलतेस. ते पुसू नको. तसंच परत पाठव."

आणि काकांचा हात पोचायच्या आत तिनं स्वतःच बटण दाबलं.